लहानपणीचं जादूचं पुस्तक मोठेपणी गटाने पुन्हा वाचताना: आधी काय, नंतर काय

मोठ्यांचा वाचनगट लहानपणचं एखादं जादूच्या जगातलं पुस्तक पुन्हा वाचायला घेतो, तेव्हा बैठक बहुतेक दोन ठरलेल्या प्रकारांनी फसते. एक तर सगळे आपापलं बालपण सांगत बसतात आणि पुस्तक मांडीवर मिटलेलंच राहतं. नाही तर पहिल्या दहा मिनिटांत कुणी तरी ‘किती जुनाट विचार आहेत हे’ असं म्हणून टाकतं. मग निम्मे लोक माना डोलावतात, निम्मे दुखावतात आणि उरलेला वेळ निवाडा करण्यात जातो. पुस्तक चुकीचं निवडलं गेलं असं म्हणून गट पुढच्या महिन्यात कादंबरीकडे वळतो. पुस्तकाचा काही दोष नसतो. कामांचा क्रम उलटा झालेला असतो.

क्रम असा हवा: आठवण आधी कागदावर, मग आवृत्ती, मग वाचन, मग चर्चा आणि आवडलं-नावडलं सगळ्यात शेवटी. यातली पहिली पायरी जवळजवळ प्रत्येक गट गाळतो, आणि नेमकी तीच नंतर भरून काढता येत नाही.

## १. पुस्तक ठरवताना

गटात आठ-दहा जण आहेत असं धरतो. निम्म्याहून जास्त लोकांनी ते पुस्तक वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत वाचलेलं असावं. सोळाव्या वर्षी वाचलेलं पुस्तक वेगळ्या कप्प्यात बसतं. तेव्हा आपण बरेचसे मोठ्यांसारखेच वाचत असतो. पण किमान दोघांनी ते कधीच वाचलेलं नसावं, ही अटही तितकीच महत्त्वाची. पुस्तक आज, कोऱ्या मनाने वाचलं तर कसं उभं राहतं हे फक्त तेच सांगू शकतात. सगळेच जुने चाहते असतील तर एखाद्या नव्या माणसाला या एका पुस्तकापुरतं बोलवा.

मालिका असेल तर एकच भाग घ्या आणि कोणता ते नावानिशी जाहीर करा. ‘नार्निया वाचूया’ असं मोघम ठरवलं की गोंधळ नक्की. या मालिकेतलं पहिलं प्रसिद्ध झालेलं पुस्तक 1950चं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’. पण नंतरच्या कित्येक संचांत पुस्तकांना कथेतल्या काळाप्रमाणे क्रमांक दिलेले आहेत आणि तिथे पहिल्या क्रमांकावर 1955चं ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ असतं. चार जण एक पुस्तक आणि चार जण दुसरंच वाचून येतात, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर असतं.

लांबी प्रकरणांवरून मोजू नका. ‘पिनोकिओ’त 36 प्रकरणं आहेत आणि ‘द हॉबिट’मध्ये 19, पण हॉबिटला दुपटीहून जास्त वेळ लागतो. ‘ॲलिस इन वंडरलँड’ची 12 प्रकरणं एका निवांत संध्याकाळी संपतात, म्हणून पहिल्यांदाच असा प्रयोग करणाऱ्या गटाला ते सोयीचं. मात्र तिथला विनोद बराचसा शब्दांचा असल्याने अनुवाद वाचणाऱ्यांना आणि मूळ वाचणाऱ्यांना दोन निराळी पुस्तकं भेटतात, हे धरून चाला.

इशारा: एखाद्या सदस्याचं जिवापाड लाडकं पुस्तक असेल तर त्याला आधीच विचारा, ‘बाकीच्यांना हे अजिबात नाही आवडलं तर चालेल?’ उत्तर द्यायला तो क्षणभर जरी थांबला, तरी दुसरं पुस्तक घ्या. त्याच्यासमोर कुणी मोकळेपणाने बोलणार नाही आणि बोललंच तर तो पुढच्या बैठकीला येणार नाही.

## २. पुस्तक उघडण्याआधी आठवण लिहून काढणं

या सगळ्या उपद्व्यापाचा पाया हाच. प्रौढपणी पुन्हा वाचण्यात खरी गंमत आहे ती तेव्हाचं वाचन आणि आताचं वाचन यांतल्या तफावतीत. पण पुस्तकाची दहा पानं वाचली की जुनी आठवण गुपचूप दुरुस्त होते. आपल्याला हे आधीपासूनच ठाऊक होतं असं वाटायला लागतं, आणि तसं वाटत असल्याचं कळतही नाही. म्हणून आठवण लिहायची ती पुस्तक हातात येण्याआधी, आणि लिहायची म्हणजे लिहायचीच. मनात ठेवून चालत नाही.

पुस्तक ठरलं त्याच बैठकीच्या शेवटी पंधरा मिनिटं काढा. फोन बाजूला. प्रत्येकाने गप्प बसून एका कागदावर ही उत्तरं लिहावीत:

1. गोष्ट काय आहे? पाच-सहा ओळींत, शेवटासकट. शेवट आठवत नसेल तर तसं लिहा.
2. कोणता प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे? ते चित्र छापलेलं होतं की मनात तयार झालेलं?
3. कशाची भीती वाटली होती?
4. कोण व्हावंसं वाटायचं, आणि कोण अजिबात नको होतं?
5. गोष्टीत मोठी माणसं कोण होती आणि ती काय करत होती?
6. पुस्तक कोणत्या भाषेत वाचलं? पूर्ण होतं की लहान केलेलं? स्वतः वाचलं की कुणी वाचून दाखवलं?

पाचवा प्रश्न गाळावासा वाटेल, कारण तिथे बहुतेकांचा कागद कोरा राहतो. तो कोराच राहू द्या. मुलं गोष्टीतल्या मोठ्या माणसांकडे साफ दुर्लक्ष करतात, आणि प्रौढपणी तीच माणसं अंगावर येतात. ‘पीटर पॅन’ लहानपणी वाचलेल्यांना उडणं आठवतं, चाच्यांचा कप्तान हुक आठवतो, मगर आठवते. मुलं निघून गेल्यावर त्यांचा बाप पश्चात्तापाने कुत्र्याच्या खोपटात राहायला जातो, हे फार थोड्यांना आठवतं. दोन मुलांचे आईबाप झालेल्या वाचकाला मात्र ते प्रकरण सहजासहजी ओलांडता येत नाही.

ज्यांनी पुस्तक वाचलेलंच नाही त्यांनीही कागद भरायचा. त्यांनी ऐकीव माहिती लिहावी. अशी पुस्तकं न वाचताही माहीत असतात, आणि ती ऐकीव गोष्ट मूळ पुस्तकापासून किती लांब गेली आहे हे पाहण्यासारखं असतं.

सगळे कागद घडी घालून, वर नाव घालून, एका पाकिटात बंद करा आणि एकाकडे ठेवायला द्या. त्या दिवशी कुणीही मोठ्याने वाचायचं नाही. एकाने ‘ती बर्फातली गाडी’ म्हटलं की बाकीच्यांनाही ती गाडी आठवायला लागते. मग आठ जणांच्या आठ आठवणी उरत नाहीत.

हमखास होणाऱ्या चुका: ‘घरी जाऊन निवांत लिहितो’ असं म्हणणारा माणूस घरी जाऊन आधी गोष्टीचा सारांश शोधतो. त्याचा हेतू वाईट नसतो, त्याला चुकीचं लिहायला लाज वाटते. म्हणून आधीच स्पष्ट सांगा की चुकीची आठवण बरोबर आठवणीपेक्षा जास्त उपयोगाची आहे. आणि कुणी उत्साहाने आधीच पुस्तक वाचून आला असेल तर त्याचा कागद बाद करू नका. वर ‘वाचनानंतर’ एवढं लिहून घ्या.

पुढे जाण्याआधी तपासा: पाकिटात सगळ्यांचे कागद आले का? एकही कमी असेल तर आवृत्तीचा विषय काढू नका. आवृत्तीवर बोलताना गोष्टीवर बोलणं होतंच.

## ३. आवृत्ती ठरवणं

‘कुठलीही आणा, गोष्ट तीच आहे’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. मुलांच्या जुन्या पुस्तकांच्या बाबतीत गोष्ट तीच नसते.

सगळ्यात मोठा फरक संक्षिप्त आवृत्तीचा. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी जे वाचलं ते कुणी तरी शंभर पानांत बसवलेलं होतं. अशा आवृत्तीत घटना राहतात आणि निवेदकाचा आवाज जातो. आणि मोठेपणी वाचताना हाती लागतो तो प्रामुख्याने तो आवाजच. वाचकाशी मधेच गप्पा मारणारा, चिमटे काढणारा, काही गोष्टी मुद्दाम लपवणारा निवेदक संक्षिप्त प्रतीत सापडणार नाही. तेव्हा पूर्ण आवृत्ती ही अट. लहानपणीची संक्षिप्त प्रत कुणाकडे अजून असेल तर ती बैठकीला जरूर आणा, पण तिच्यावर वाचन करू नका.

दुसरा फरक लेखकाने किंवा प्रकाशकाने नंतर केलेल्या बदलांचा. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ 1964मध्ये आलं तेव्हा कारखान्यातले उंपा-लुंपा आफ्रिकेतून आणलेले काळे बुटके होते. टीका झाल्यावर 1973च्या आवृत्तीत त्यांचं वर्णन बदललं गेलं. 2023मध्ये याच लेखकाच्या मुलांसाठीच्या पुस्तकांत शब्दाशब्दांचे आणखी बदल करून नव्या प्रती निघाल्या, त्यावर गदारोळ झाला आणि जुना पाठही, म्हणजे जुना मजकूरही, उपलब्ध राहील असं प्रकाशकाने जाहीर केलं. म्हणजे एकाच टेबलावर एकाच नावाच्या तीन वेगळ्या प्रती असू शकतात. ‘द हॉबिट’चं पाचवं प्रकरण लेखकाने 1951मध्ये नव्याने लिहिलं; 1937च्या पाठात गोलम हा गुहेतला प्राणी अंगठी स्वतःहून पैजेला लावतो. आज मिळणाऱ्या प्रती सुधारित पाठाच्याच असल्याने भांडण होण्याची शक्यता कमी, पण कुणाच्या हाती 1951पूर्वीच्या पाठावर बेतलेला अनुवाद असेल तर तो माणूस वेगळीच गोष्ट सांगेल. छोटे फरकही बैठकीत वेळ खातात. नार्नियाच्या त्या पहिल्या पुस्तकातल्या लांडग्याचं नाव ब्रिटिश प्रतीत मॉग्रिम आणि 1994पूर्वीच्या अमेरिकी प्रतीत फेन्रिस उल्फ आहे. हा एकच लांडगा आहे हे ठरवण्यात सहज पाच मिनिटं जातात.

म्हणून आवृत्ती ठरवताना या क्रमाने जा:

1. आधी भाषा ठरवा. सगळ्यांनी एकाच भाषेत वाचणं उत्तम. ते जमत नसेल तर अनुवाद वाचणारे किमान तिघे असावेत. एकटा अनुवादवाला बैठकभर खुलासे देत बसतो.
2. मग पूर्ण की संक्षिप्त हे आतल्या पानावर तपासा, मुखपृष्ठावर नाही. ‘बालवाचकांसाठी’, ‘पुनर्कथन’, ‘रूपांतर’ असे शब्द आत बारीक अक्षरात असतात. तेही नसतील तर प्रकरणांची संख्या मूळ पुस्तकाशी ताडून पाहा.
3. मग पाठ कोणत्या सालचा ते पाहा. पुनर्मुद्रणाचं साल आणि पाठाचं साल यांत गल्लत करू नका.
4. शेवटी चित्रं. मूळ चित्रं असलेली प्रत शक्य असेल तर तीच घ्या. ‘ॲलिस’मधली जॉन टेनिएलची 42 चित्रं ही सजावट म्हणून आलेली नाहीत, ग्रायफन नावाचा प्राणी कसा असतो हे माहीत नसेल तर चित्र पाहा, असं पुस्तक स्वतःच वाचकाला सांगतं.

इशारा: अभ्यासकांनी लिहिलेली प्रस्तावना आणि तळटीपा असलेली प्रत घेतलीत तर प्रस्तावना शेवटी वाचा. ती शेवट फोडते हे तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ती काय दिसायला हवं ते आधीच सांगून ठेवते, आणि मग आठही जणांना तेवढंच दिसतं.

## ४. वाचन

तीन आठवडे पुरतात. त्याहून जास्त दिवस दिले तर लोक पहिल्या आठवड्यात वाचून तिसऱ्या आठवड्यापर्यंत विसरतात.

पेन्सिल घेऊन वाचा आणि समासात तीनच खुणा करा. जे आठवणीतलं जसंच्या तसं निघालं तिथे ‘आ’. जे अजिबात आठवत नव्हतं, किंवा वेगळंच आठवत होतं, तिथे ‘न’. जिथे आज अडखळायला झालं, मग ते खटकलं म्हणून असो की कळलं नाही म्हणून, तिथे ‘ख’. लांब टिपणं नकोत. टिपणं करायला लागलं की माणूस बैठकीतलं भाषण तयार करायला लागतो. प्रत उधारीची असेल तर पानाचा आकडा आणि अक्षर वेगळ्या कागदावर लिहा. नव्याने वाचणाऱ्यांनी ‘आ’ऐवजी ‘हे ऐकलं होतं’ अशा अर्थाने तीच खूण वापरावी.

वेग हा खरा प्रश्न आहे. मुलांची पुस्तकं मोठी माणसं फार भरभर वाचतात. वाक्यं सोपी असल्याने डोळा घसरतो. उपाय एकच माहीत आहे: रोज किमान एक पान मोठ्याने वाचा, घरात कुणी ऐकत असो वा नसो. यांतली बरीच पुस्तकं वाचून दाखवण्यासाठीच लिहिलेली आहेत. कुठे थांबायचं, कुठे हसू यायचं हे तोंडाने वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. गाणी आणि कविता उडवून पुढे जायची सवय बहुतेकांना असते (मलाही ती आहे, आणि मोडायला कष्ट पडतात). पण ‘ॲलिस’मधल्या अनेक कविता म्हणजे त्या काळी मुलांकडून पाठ करून घेतल्या जाणाऱ्या बोधपर कवितांची टवाळी आहे. हे माहीत असलं की ॲलिस प्रत्येक वेळी कविता म्हणायला उभी राहते आणि भलतंच म्हणून बसते, यातली चेष्टा कळते.

वाचताना चार जागी मुद्दाम थबका. पुढे चर्चेला बळ इथूनच मिळतं.

एक, मोठी माणसं गोष्टीतून कशी काढून टाकली आहेत? मुलांना स्वतः काही करता यावं म्हणून आईबाप दूर असावे लागतात. ते मेलेले आहेत, कामात आहेत, की युद्धामुळे मुलांनाच गावी पाठवलं आहे? लहानपणी ही नुसती सुरुवात वाटते.

दोन, काळ. त्या जगात गेलेला वेळ या जगात मोजला जातो का? नार्नियात चार मुलं राजेराण्या होऊन मोठी होतात आणि कपाटातून परत येतात तेव्हा पुन्हा मुलंच असतात, इथे क्षणही गेलेला नसतो. मुलाला ही सोय वाटते. चाळिशीच्या वाचकाला प्रश्न पडतो की एकदा राज्य चालवून आल्यावर ती शाळेत कशी बसली असतील. ‘पीटर पॅन’मध्ये उलटं: पीटरबरोबर गेलेली वेंडी मोठी होते, तिला मुलगी होते आणि पीटर तसाच राहतो. हुक कोण हे तो विसरलेला असतो, त्याची परी टिंकर बेलसुद्धा त्याला आठवत नाही. न वाढण्याची किंमत तिथे इतक्या सहज सांगून टाकली आहे की लहानपणी ती दिसतच नाही.

तीन, क्रौर्य. ऑझच्या पुस्तकातला (‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’) पत्र्याचा लाकूडतोड्या आधी हाडामांसाचा माणूस होता. मंतरलेल्या कुऱ्हाडीने त्याचाच एकेक अवयव तोडला आणि त्या जागी पत्र्याचा बसत गेला. पुढे तो चाळीस लांडग्यांची मुंडकी उडवतो. ‘पिनोकिओ’त उपदेश करणारा रातकिडा चौथ्याच प्रकरणात हातोडा बसून मरतो. ही गोष्ट 1881पासून साप्ताहिकात क्रमशः येत होती आणि पहिल्यांदा पंधराव्या प्रकरणातच, बाहुल्याला झाडाला फाशी देऊन, संपवली होती. वाचकांना ती पुढे हवी होती म्हणून ती वाढली. असल्या जागा आल्या की ‘मुलांना हे कसं द्यायचं’ हा प्रश्न लगेच विचारू नका. आपण मूल असताना हे वाचलं आणि आपल्याला काय झालं, हा प्रश्न आधी. पाकिटातला तिसरा प्रश्न त्यासाठीच आहे.

चार, घरकाम. जादूच्या जगात स्वयंपाक कोण करतं, कपडे कोण शिवतं, भांडी कोण घासतं? विनोदाने म्हणत नाही. वेंडीला तिकडे नेलं जातं तेच मुळात गोष्टी सांगायला आणि मुलांची आई व्हायला.

तपासा: बैठकीच्या दोन दिवस आधी प्रत्येकाला एकच विचारा, ‘न’ खुणा किती झाल्या? ज्याच्याकडे एकही नाही त्याने एक तर पुस्तक अलीकडेच वाचलेलं आहे किंवा तो यावेळी आठवणीच्या भरवशावर पानं उलटत गेला आहे. दुसरं असेल तर पहिली दोन प्रकरणं पुन्हा वाचायला सांगा.

## ५. बैठक चालवण्याचा क्रम

चर्चा चालवायला एक माणूस नेमा. शक्यतो पुस्तक पहिल्यांदाच वाचणारा. जुना चाहता चालक झाला की तो वकील होतो.

दोन तास असतील तर एक बैठक पुरते. कमी वेळ असेल तर दोन बैठका करा आणि खालच्या यादीतल्या तिसऱ्या टप्प्यानंतर तोडा. पुस्तक अर्धं-अर्धं करून दोन बैठका करू नका. ही पुस्तकं परतीच्या वाटेवर उलगडतात, आणि अर्ध्या पुस्तकावर बोलताना जुने वाचक पुढचं फोडतातच.

1. पहिली पंधरा मिनिटं नव्या वाचकांची. त्यांनी सांगायचं की कुठे रमलो, कुठे कंटाळलो, कुठे गोष्ट कळेनाशी झाली. बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही. ‘अरे, पण लहानपणी वाचायला हवं होतंस’ हे वाक्य या पंधरा मिनिटांत बंद.
2. मग ‘न’ खुणा. प्रत्येकाने एकच जागा सांगायची, पान उघडून, तिथल्या दोन-तीन ओळी वाचून. दोघांची ‘न’ एकाच जागी आली तर तिथे थांबा. अशी जागा बहुधा शेवटाच्या आसपास असते.
3. मग एक पान मोठ्याने. चालकाने आधी निवडून ठेवलेलं. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तक बंद करून ऐकायचं. नंतर फक्त निवेदकाबद्दल बोला: तो कुणाशी बोलतो आहे? मुलाशी, की मुलाला वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाशी? काही ओळी तर मुलाच्या डोक्यावरून थेट मोठ्याकडेच टाकलेल्या असतात. एकदा त्या ओळखू आल्या की लोक स्वतःहून पानं चाळायला लागतात.
4. आता पाकीट. प्रत्येकाने आपला कागद आधी मनात वाचायचा, मग हवा तेवढाच भाग मोठ्याने. सगळं सांगायची सक्ती नको; सहाव्या प्रश्नाच्या उत्तरात घरातली माणसं येतात आणि ती सगळ्यांनाच चारचौघांत आणायची नसतात.
5. मग ‘ख’ खुणा. यावर खाली वेगळं लिहिलं आहे.
6. शेवटी मत. प्रत्येकी एकच वाक्य.

पाकीट चौथ्या क्रमांकावर का, असं विचारलं जातं. आधी उघडलं तर बालपणाच्या गप्पांतून गट बाहेर येत नाही. अगदी शेवटी उघडलं तर लोक दमलेले असतात आणि ते करमणुकीचं काम होतं. पुस्तकाचा मजकूर ताजा असताना, आणि मतं अजून पक्की झालेली नसताना, तफावत नीट दिसते.

कागद वाचताना चालकाने एक गोष्ट धरून बसावं: आठवण चुकली असेल तर ती कुठून आली? पुष्कळदा ती सिनेमातून आलेली असते. ऑझच्या गोष्टीतल्या डोरोथीचे लाल चमचमते बूट 1939च्या सिनेमातले. पुस्तकात ते चांदीचे आहेत, आणि पुस्तकात ऑझ हे स्वप्नही नाही. ट्वीडलडम आणि ट्वीडलडी ‘ॲलिस’च्या पहिल्या पुस्तकात नाहीतच, ते 1871च्या दुसऱ्या पुस्तकातले, सिनेमाने दोन्ही पुस्तकं एकत्र केली. पण काही चुकांना सिनेमा जबाबदार नसतो. कुणी शेवट सुखाचा करून ठेवलेला असतो, कुणी एखादं मेलेलं पात्र जिवंत ठेवलेलं असतं. या जागी घाई करू नका. बैठकीतला सगळ्यात चांगला वेळ हाच.

इशारा: ‘मला लहानपणी हे कळलंच नव्हतं’ हे वाक्य वारंवार येईल. प्रत्येक वेळी उलट विचारा: ‘तेव्हा काय कळलं होतं, जे आता दिसत नाही?’ नाही तर चर्चा आपण किती शहाणे झालो याच्या कौतुकाला लागते. भीती हे याचं साधं उदाहरण. लहानपणी ज्या पानावर दिवा बंद करायची हिंमत झाली नव्हती तेच पान आज सपाट वाटतं, आणि त्यात कमी पडतो तो वाचक.

## ६. खटकणाऱ्या जागा

जुन्या पुस्तकांत त्या असतात, आणि टाळल्याने जात नाहीत. फक्त त्यावर बोलायची शिस्त हवी.

पान दाखवल्याशिवाय आरोप नाही, हा पहिला नियम. ‘बायकांना कमी लेखलंय’ असं म्हणणाऱ्याने जागा दाखवावी. नार्नियाच्या पहिल्या पुस्तकात दहाव्या प्रकरणात फादर ख्रिसमस मुलींना हत्यारं देतो आणि वर सांगतो की त्यांनी लढाईत उतरायचं नाही, बायका लढतात तेव्हा लढाया कुरूप होतात. पान मिळालं की बोलणं नेमकं होतं.

दुसरं, कोण बोलतंय ते वेगळं करा. पात्र बोलतं, निवेदक बोलतो, की पुस्तक कुणाला बक्षीस आणि कुणाला शिक्षा देतं त्यातून ते निघतं? पात्राचं वाक्य लेखकाच्या माथी मारणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, पण उलटही होतं: एकही वाक्य वावगं नसतं आणि गोष्टीची सगळी रचनाच एका माणसाला खालचा ठरवत असते. ‘पीटर पॅन’मधल्या आदिवासी टोळीचं चित्रण यासाठी तपासून पाहा, तिथे दोन्ही थर मिळतील.

तिसरं, ‘तो काळच तसा होता’ हे वाक्य चर्चा संपवायला वापरू देऊ नका. त्या काळातही वेगळं लिहिणारे होते. आणि ‘हे आता कुणाला देऊच नये’ हेही चर्चा संपवणारंच वाक्य आहे. कुणी म्हणालं तर विचारा, तू स्वतः हे वाचून मोठा झालास, ती ओळ तुझ्यात कुठे जाऊन बसली? काही जण म्हणतील, कुठेच नाही. काही जण थोडा वेळ गप्प राहतील. दोन्ही उत्तरं घ्या.

या टप्प्याला वीस मिनिटांच्या वर वेळ देऊ नका. नाही तर तो सगळी बैठक गिळतो, आणि मग ज्यांना पुस्तक आवडलं होतं ते शेवटच्या फेरीत खोटं बोलतात.

## ७. सिनेमा आणि मुलं

सिनेमा बैठकीनंतरच पाहा. आधी पाहिला तर वाचताना नटांचेच चेहरे दिसतात. एकत्र पाहणार असाल तर पूर्ण नको. बैठकीत ज्या प्रसंगावर सगळ्यात जास्त बोलणं झालं तेवढाच काढून पाहा.

कुणी आपल्या मुलाला बैठकीला आणू का असं विचारलं तर सरळ नाही म्हणा. मूल बसलं की मोठी माणसं शिकवायला लागतात, आणि मूल आपल्याला काय आवडायला हवं हे आजूबाजूच्या चेहऱ्यांवरून ओळखतं. ज्याला हवं त्याने घरी तेच पुस्तक मुलाला वाचून दाखवावं, संपल्यावर पाकिटातले पहिले पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवावीत. विचारताना आपली उत्तरं सांगू नयेत. पाचव्या प्रश्नाला मूल काय म्हणतं ते बघा.

पाकिटातले कागद ज्याचे त्याला परत द्या आणि आपापल्या प्रतीत ठेवायला सांगा, वर दोन्ही वाचनांची सालं घालून. पुढचं पुस्तक त्याच संध्याकाळी ठरणार असेल तर नवे कोरे कागद आधीच तयार ठेवा, कारण पुस्तकाचं नाव निघाल्याबरोबर कुणी तरी ‘त्यात ते नव्हतं का…’ असं म्हणून सुरुवात करतंच.